एक रनटाइम, अनेक भाषा : फंक्शनच्या देवाणघेवाणीचा इतिहास

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत पंजाब, केरळ, मध्य प्रदेश आणि तेलंगणा यांच्याबरोबर महाराष्ट्रही होता. 2022 मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर पुरस्कार मिळाला. रुग्णांच्या नोंदींसाठी त्यात ‘सिंपल’ नावाचे अँड्रॉइड ॲप वापरले जाते. परिचारिका रुग्णाच्या कार्डावरील क्यूआर कोड स्कॅन करते, रक्तदाबाचे दोन आकडे भरते आणि पुढच्या भेटीची तारीख देते. नेटवर्क नसले, तरी नोंद फोनमध्ये सुरक्षित राहते आणि नंतर सर्व्हरवर पोहोचते.

या ॲपचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे. तो वाचणाऱ्या विद्यार्थ्याला एक गोष्ट लगेच जाणवते. ॲप कॉटलिन भाषेत लिहिलेले आहे. पण पडद्यावरील घडामोडींचा ओघ सांभाळणारी आरएक्सजावा ही लायब्ररी जावा भाषेतील आहे. ‘आकडा आला की तपास’, ‘तपासला की जतन कर’, ‘जतन झाला की पडदा बदल’ अशी लहान लहान फंक्शन्स कॉटलिनमध्ये जन्म घेतात आणि जावात लिहिलेल्या लायब्ररीच्या हाती सोपवली जातात. एका भाषेचे फंक्शन दुसरी भाषा निमूटपणे चालवते. हा व्यवहार आज इतका सहज वाटतो, की त्यामागे सुमारे वीस वर्षांचे वाद, फसलेले प्रयोग आणि तडजोडी आहेत, हे ध्यानात येत नाही.

प्रथम रनटाइम म्हणजे काय ते पाहू. जावा भाषेतील कार्यक्रम थेट प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतरित होत नाही. कंपायलर त्याचे बाइटकोड नावाच्या मधल्या रूपात भाषांतर करतो आणि जावा आभासी यंत्र ते बाइटकोड चालवते. (अँड्रॉइडवर या बाइटकोडचे आणखी एका रूपात रूपांतर होते आणि तेथील स्वतंत्र रनटाइम ते चालवतो, पण तत्त्व तेच.) बाइटकोड कोणत्या भाषेतून आले, याच्याशी यंत्राला कर्तव्य नसते. म्हणूनच स्काला, क्लोजर, ग्रूव्ही, कॉटलिन अशा अनेक भाषा त्याच यंत्रावर उभ्या राहिल्या. स्मृतीचे व्यवस्थापन, थ्रेड, वस्तूंची रचना हे सारे त्यांना आयते मिळाले. मिळाली नाही ती एकच महत्त्वाची गोष्ट : फंक्शन म्हणजे काय, याची सामाईक व्याख्या.

भारतीय रेल्वेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. जुने आयसीएफ डबे आणि नवे एलएचबी डबे एकाच ब्रॉडगेज रुळावर धावतात. रूळ सामाईक आहेत; पण दोन डबे परस्परांना जोडण्याची कपलिंगची पद्धत दोन्हींत वेगळी आहे. म्हणून दोन्ही प्रकारची जोडणी करू शकणारे ट्रान्झिशन कपलर इंजिनांवर बसवावे लागतात. सामाईक रनटाइम म्हणजे सामाईक रूळ. फंक्शनची देवाणघेवाण हा मात्र कपलिंगचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे मूळ जावाच्या जन्मातच आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने 1995 मध्ये जावा जाहीर केली, तेव्हा तिच्या आभासी यंत्राला वस्तू ठाऊक होत्या, क्लास ठाऊक होते आणि क्लासच्या आतील मेथड ठाऊक होत्या. स्वतंत्र मूल्य म्हणून हाती देता येईल असे फंक्शन त्यात नव्हते. एखादे वर्तन दुसऱ्याकडे सोपवायचे, तर त्यासाठी एक मेथड असलेला इंटरफेस ठरवावा लागे, तो पाळणारा क्लास लिहावा लागे आणि त्या क्लासची वस्तू पाठवावी लागे. थ्रेडसाठी ‘रनेबल’ होता आणि त्याची मेथड ‘रन’. पुढे क्रमवारीसाठी ‘कम्पॅरेटर’ आला आणि त्याची मेथड ‘कम्पेअर’. 1997 मध्ये जावा 1.1 मध्ये आलेल्या निनावी अंतर्गत क्लासमुळे हे लेखन थोडे आटोपशीर झाले, इतकेच.

लवकरच यावरून पहिला मोठा वाद पेटला. 1998 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या व्हिज्युअल जे प्लस प्लस 6.0 मध्ये ‘डेलिगेट’ ही सोय आणली. डेलिगेट म्हणजे एखाद्या मेथडकडे निर्देश करणारे, हाती देता येईल असे मूल्य. सनने त्याला ठाम विरोध केला. अंतर्गत क्लासनी हे काम होत असताना भाषेत नवी संकल्पना घुसवण्याचे कारण नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन्ही कंपन्यांत परवान्यावरून न्यायालयीन लढा आधीच सुरू होता. त्यामुळे तांत्रिक मतभेदाला व्यापारी धारही होती. डेलिगेटची कल्पना पुढे सी शार्प आणि डॉटनेटमध्ये गेली. जावा मात्र फंक्शनविना पुढे चालत राहिली.

तेवढ्यात इतर भाषांनी जावा यंत्रावर बिऱ्हाड थाटायला सुरुवात केली होती. स्कीम भाषेची ‘कावा’ ही आवृत्ती 1996 मध्ये आली आणि पायथनची ‘जेपायथन’ 1997 मध्ये. पुढे ग्रूव्ही, मार्टिन ओडेर्स्की यांची स्काला आणि रिच हिकी यांची क्लोजर अशी रांग लागली. या भाषांत फंक्शन हे प्रतिष्ठित मूल्य होते. पण यंत्राला ते ठाऊक नसल्याने प्रत्येक भाषेने फंक्शन दाखवण्यासाठी स्वतःची वस्तू घडवली. कावाने ‘प्रोसीजर’ हा क्लास केला. ग्रूव्हीने ‘क्लोजर’ याच नावाचा क्लास केला आणि त्याची मेथड ‘कॉल’ ठेवली. स्कालाने ‘अप्लाय’ मेथड असलेले ‘फंक्शन1’, ‘फंक्शन2’ असे इंटरफेस केले, तर क्लोजर भाषेने ‘आयएफएन’ हा इंटरफेस आणि ‘इन्व्होक’ ही मेथड. अर्थ सर्वत्र एकच होता, नावे मात्र निराळी; आणि आभासी यंत्र अर्थाकडे पाहत नाही, नावाकडे पाहते.

या रचनांतील काही आकडे मनोरंजक आहेत. स्काला 2 मध्ये ‘फंक्शन0’ ते ‘फंक्शन22’ असे क्रमांकित इंटरफेस होते. क्लोजरमध्ये एका फंक्शनला 20 पर्यंत ठरावीक निविष्टी घेता येतात. त्यापुढील साऱ्या एका यादीत गोळा कराव्या लागतात. कॉटलिननेही 22 पर्यंत क्रमांकित इंटरफेस ठेवले. हे आकडे गणिताने दिलेले नाहीत. जितक्या निविष्टी, तितका वेगळा इंटरफेस किंवा वेगळी मेथड लिहावी लागते आणि कुठेतरी थांबावे लागते, एवढेच त्यांचे कारण.

क्लोजर भाषेने एक दूरदृष्टी दाखवली. तिचे प्रत्येक फंक्शन आपोआप ‘रनेबल’, ‘कॉलेबल’ आणि ‘कम्पॅरेटर’ही असते. त्यामुळे ते जावाच्या थ्रेडला किंवा क्रमवारी लावणाऱ्या मेथडला थेट देता येते. पण ही सोय आधीपासून ठाऊक असलेल्या इंटरफेसपुरतीच मर्यादित होती. उद्या कोणी नवी जावा लायब्ररी लिहिली आणि तिच्यात नवा इंटरफेस ठरवला, की पुन्हा मधला दुवा हाताने लिहिणे आले.

नेमका हा प्रसंग 2013 मध्ये आला. एरिक मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये डॉटनेटसाठी घडवलेली ‘रिॲक्टिव्ह एक्स्टेन्शन्स’ ही कल्पना नेटफ्लिक्सने जावा यंत्रावर आणली आणि फेब्रुवारी 2013 मध्ये आरएक्सजावा खुली केली. नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवर वेगवेगळ्या उपकरणांचे गट आपापल्या स्क्रिप्ट लिहीत आणि त्यांत ग्रूव्हीचा वापर मोठा होता. त्यामुळे ही लायब्ररी एकट्या जावापुरती असून चालणार नव्हते. ग्रूव्ही, क्लोजर, स्काला आणि जेरूबी या भाषांसाठी स्वतंत्र जुळवणी-विभाग तिच्यासोबत दिले गेले.

पहिला उपाय उदार होता. लायब्ररीच्या मेथड कोणतीही वस्तू स्वीकारत आणि कार्यक्रम चालू असताना ती वस्तू कोणत्या भाषेचे फंक्शन आहे हे तपासून तिच्यावर योग्य आवरण चढवत. वापरणाऱ्याला काहीच करावे लागत नसे. पण या उदारतेची किंमत होती. ‘कोणतीही वस्तू चालेल’ असे म्हटले, की कंपायलरचे हात बांधले जातात. चुकून फंक्शनऐवजी आकडा किंवा मजकूर दिला, तरी कार्यक्रम विनातक्रार कंपाइल होणार आणि चूक चालू कार्यक्रमातच उघडी पडणार. काही महिन्यांतच ही पद्धत सोडून देण्यात आली. लायब्ररीच्या गाभ्यात ‘फंक1’, ‘ॲक्शन1’ असे काटेकोर इंटरफेस राहिले आणि जुळवणीचे काम प्रत्येक भाषेच्या स्वतःच्या विभागाकडे गेले. क्लोजरच्या विभागात त्यासाठी खास मॅक्रो दिले होते. लेखक फंक्शन लिहितानाच ते जावाच्या बाजूला जाणार असल्याचे सांगे आणि मॅक्रो त्यावर आवरण चढवे.

येथे या इतिहासातील मुख्य प्रश्न स्पष्ट होतो. जुळवणी अटळ आहे. ती करायची कोणी आणि केव्हा? चालू कार्यक्रमात लायब्ररीने केली, तर सोय मिळते पण सुरक्षितता जाते. लेखकाने हाताने केली, तर सुरक्षितता मिळते पण पानोपानी तेच ते आवरण दिसू लागते. तिसरा मार्ग कंपायलरने करण्याचा. त्यासाठी मात्र खुद्द जावाला आपला जुना हट्ट सोडणे भाग होते.

जावात फंक्शन-मूल्ये कशी आणावीत, यावर 2006 पासून प्रतिस्पर्धी प्रस्ताव पुढे येत होते. एका प्रस्तावात फंक्शनचा स्वतंत्र प्रकार भाषेत आणण्याची कल्पना होती. दुसऱ्याला निनावी क्लासचेच लेखन आटोपशीर करणे पुरेसे वाटत होते. अखेर ब्रायन गोएट्झ यांच्या नेतृत्वाखालील गटाने मधला मार्ग निवडला. मार्च 2014 मध्ये आलेल्या जावा 8 मध्ये लॅम्डा आले, पण फंक्शनचा स्वतंत्र प्रकार आला नाही. त्याऐवजी एक नियम आला : ज्या इंटरफेसमध्ये एकच अमूर्त मेथड आहे, तेथे लॅम्डा चालेल. लॅम्डाला स्वतःचा प्रकार नाही. ज्या जागी तो लिहिला जातो, त्या जागेवरून कंपायलर त्याचा प्रकार ठरवतो.

हा निर्णय वरवर कंजूष वाटतो, पण त्याचा परिणाम दूरगामी होता. 1995 पासून लिहिलेले ‘रनेबल’सारखे असंख्य इंटरफेस एका अक्षराचाही बदल न करता लॅम्डा स्वीकारू लागले. जुन्या लायब्ररींना पुन्हा लिहावे लागले नाही. उलट बाजूही होती. जावा 8 च्या फंक्शन-संचात 43 इंटरफेस आहेत आणि ते परस्परांच्या जागी चालत नाहीत. खरे-खोटे सांगणारा ‘प्रेडिकेट’ आणि बूलियन परत देणारे ‘फंक्शन’ यांचा अर्थ एकच असला, तरी यंत्राच्या लेखी त्या दोन निराळ्या जाती आहेत. डॉटनेटमध्ये डेलिगेट पहिल्यापासून रनटाइममध्येच होते. तेथेही ‘प्रेडिकेट’ आणि ‘फंक’ परस्परांच्या जागी चालत नाहीत. म्हणजे रनटाइमला फंक्शनची जाण दिली, तरी नावांचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

लॅम्डा चालवण्यासाठी जावा 8 ने वापरलेल्या यंत्रणेची कथाही लक्षणीय आहे. जॉन रोझ यांच्या पुढाकाराने 2011 मध्ये, जावा 7 च्या काळात, आभासी यंत्रात ‘इन्व्होक-डायनॅमिक’ ही नवी आज्ञा आली. जेरूबीसारख्या इतर भाषांना सोयीचे व्हावे म्हणून ती घडवली होती. तीन वर्षांनी जावाने स्वतःच्या लॅम्डासाठी तीच वापरली. पाहुण्यांसाठी बांधलेली खोली यजमानाच्याच कामी आली.

आता पाहुण्या भाषांची पाळी होती. नोव्हेंबर 2016 मध्ये स्काला 2.12 आली. तिने आपल्या फंक्शनचे इंटरफेस असे घडवले, की जावाच्या दृष्टीनेही त्यांत एकच अमूर्त मेथड राहावी. त्यामुळे जावाचा लॅम्डा स्कालाला देता येऊ लागला आणि स्कालाचे फंक्शन जावाच्या इंटरफेसच्या जागी लिहिता येऊ लागले. कॉटलिनची 1.0 आवृत्ती त्याच वर्षी फेब्रुवारीत आली. जावा मेथडला इंटरफेस हवा असेल, तेथे कॉटलिनचा लॅम्डा चालवून घेण्याची सोय तिच्यात होती. मे 2017 मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी कॉटलिनला अधिकृत पाठिंबा दिला. कॉटलिनमध्येच लिहिलेल्या इंटरफेसना मात्र ही सोय ऑगस्ट 2020 च्या 1.4 आवृत्तीपर्यंत थांबावी लागली. क्लोजर भाषेने तर सप्टेंबर 2024 मध्ये, 1.12 आवृत्तीत, आपली फंक्शन्स जावाच्या कोणत्याही फंक्शन-इंटरफेसच्या जागी आपोआप चालतील अशी व्यवस्था केली. 1996 च्या कावापासून मोजले, तर हा प्रवास 28 वर्षांचा भरतो.

मग प्रश्न संपला का? आकार जुळला, एवढेच म्हणता येईल. फंक्शनबरोबर काही अलिखित वचनेही प्रवास करतात आणि ती आवरण चढवल्याने आपोआप पोहोचत नाहीत.

पहिले वचन ‘काहीही परत न देण्या’चे. जावात त्यासाठी ‘व्हॉइड’ आहे आणि ते मूल्य नव्हे. कॉटलिनमध्ये ‘युनिट’ आहे आणि ते खरेखुरे मूल्य आहे. म्हणून कॉटलिनचे ‘युनिट’ देणारे फंक्शन-प्रकार जावातून भरायचे, तर लॅम्डाच्या शेवटी ते मूल्य आवर्जून परत करावे लागते.

दुसरे वचन ‘नल’चे. कॉटलिन आपल्या प्रकारांत मूल्य रिकामे असू शकते की नाही हे नोंदवते. जावा मूळ भाषेत तसे नोंदवत नाही. आरएक्सजावाच्या दुसऱ्या आवृत्तीत ओघात ‘नल’ला पूर्ण बंदी आहे. रक्तदाबाचा वरचा आकडा भरायचा राहिला आणि जुळवलेल्या फंक्शनने त्याच्या जागी ‘नल’ परत दिला, तर लायब्ररी त्रुटी उभी करते आणि तो ओघ तेथेच थांबतो. त्यापुढचे बरोबर आकडेही त्या ओघातून येत नाहीत. आकार जुळला होता. वचन जुळले नव्हते.

तिसरे वचन अपवादांचे. काही अपवाद मेथडच्या मथळ्यातच जाहीर करावेत, असा जावाचा आग्रह आहे; कॉटलिन आणि स्कालामध्ये तो नाही. जावा 8 च्या स्वतःच्या ‘फंक्शन’ इंटरफेसमध्ये अशा जाहीर अपवादांना जागा नाही. आरएक्सजावा 2 ने आपला वेगळा ‘फंक्शन’ इंटरफेस ठेवला आणि त्यात अपवादांना वाट करून दिली. एकाच फोनवर, एकाच ॲपमध्ये, एकाच अर्थाचे तीन-चार इंटरफेस सुखाने नांदतात ते अशा कारणांनी.

चौथे वचन ओळखीचे आणि सर्वांत फसवे. समजा, एक कॉटलिन फंक्शन एखाद्या जावा वस्तूकडे ‘घटना घडली की कळव’ म्हणून नोंदवले आणि काम संपल्यावर तेच फंक्शन देऊन नोंदणी रद्द करायला सांगितले. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने फंक्शन तेच आहे. पण नोंदवताना कंपायलरने त्यावर एक आवरण चढवले होते आणि रद्द करताना दुसरे. जावा दोन आवरणांची तुलना करते, ती वेगळी निघतात आणि नोंदणी रद्दच होत नाही. कोणतीही त्रुटी दिसत नाही. बंद झालेला पडदा स्मृतीत अडकून राहतो, त्याची जुनी फंक्शन्स पुन्हा पुन्हा चालतात, फोन मंदावतो. कमी क्षमतेच्या फोनवर दिवसभर रुग्ण नोंदवणाऱ्या व्यक्तीसाठी ही अडचण पुस्तकी नाही.

या चौथ्या अडचणीवर ‘रिॲक्टिव्ह एक्स्टेन्शन्स’च्या मूळ रचनेत एक साधे उत्तर होते. तेथे नोंदणी करताच एक पावतीसारखी वस्तू परत मिळते. आरएक्सजावा 2 मध्ये तिला ‘डिस्पोजेबल’ म्हणतात. नोंदणी रद्द करायची, तर फंक्शन पुन्हा द्यायचे नसते. पावतीला रद्द व्हायला सांगायचे असते. मध्ये कितीही आवरणे चढली, तरी पावती एकच राहते, आणि फंक्शनची ओळख पटवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

या इतिहासाकडे विद्यार्थ्याने केवळ भाषांच्या आवृत्त्यांची यादी म्हणून पाहू नये. त्यात रचनेचा एक धडा आहे. सामाईक पायाभूत सुविधा मिळाल्याने सामाईक अर्थ मिळत नाही. अर्थ वाटाघाटीने ठरवावा लागतो आणि त्या वाटाघाटीचा भार कोणावर तरी पडतो. आरएक्सजावाच्या पहिल्या प्रयोगात तो चालू कार्यक्रमावर पडला, नंतर लेखकावर, आणि शेवटी कंपायलरवर. कंपायलरने तो उचलल्यापासून सीमा दिसेनाशी झाली, पण नाहीशी झाली नाही. म्हणून दोन भाषांच्या सीमेवर काम करणाऱ्याने एखादे फंक्शन ‘चालते’ एवढ्यावर समाधान मानू नये. ते रिकामे मूल्य देते तेव्हा काय होते, अपवाद फेकते तेव्हा तो कोठे पोहोचतो आणि त्याची नोंदणी खरोखर रद्द होते का, हे तीन प्रश्न प्रत्येक सीमेवर चाचणी लिहून तपासावेत. कंपायलर आकार तपासून देतो. वचने तपासण्याचे काम अजून माणसाकडेच आहे.